किल्ला नको, किल्ल्याचं सामान द्या

दसरा उलटला की बाजारात तयार किल्ले येतात. प्लास्टर ऑफ पॅरिसचे, वरून हिरवा-तपकिरी रंग मारलेले, टोकाला भगवा झेंडा खोवलेले. घरी आणून अंगणात ठेवला की दिवाळीचा किल्ला झाला. मुलाच्या वाट्याला उरतं ते फक्त मावळे मांडणं, आणि ते पाच मिनिटांत उरकतं.

अशा किल्ल्यात वाईट काहीच नाही, पण त्यातला सगळा विचार दुसऱ्या कुणीतरी आधीच करून टाकलेला असतो. खरा किल्ला म्हणजे काही अवघड प्रश्नांची उत्तरं असतात. पाणी कुठून येणार? वाट कुठून चढणार? दरवाजा कुणाच्या नजरेला पडणार? भिंत पावसाला टिकेल का, आणि तोफेला? हे प्रश्न मुलाच्या हातात द्यायचे असतील तर भेट म्हणून किल्ला न देता किल्ल्याचं सामान द्यावं. घरच्या घरी, जवळपास फुकटात जमणारं, एका मोसंबीच्या कॅरेटमध्ये मावणारं. जालना जिल्ह्यात तर या सामानातलं बहुतेक सगळं शेतात, गोठ्यात नाहीतर माळ्यावर पडलेलंच असतं.

डोंगर नसलेल्या मुलखातला किल्ला

दिवाळीच्या किल्ल्याची प्रथा पुणे, सातारा, कोल्हापूर, मुंबई या पट्ट्यात जोरात आहे. तिथल्या मुलाला मान वर केली की एखादा गड दिसतो. जालन्याच्या मुलाला दिसते ती सपाट काळी रानं आणि मधूनच एखादा माळ. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक, जिंजी, तमिळनाडूतला. या अकरांत मराठवाड्यातला एकही नाही. त्यामुळे इथल्या मुलाला वाटतं की किल्ले आपल्याकडे नसतातच, ते पुस्तकातच असतात.

प्रत्यक्षात त्याच्या जिल्ह्यात किल्ल्यांची एक वेगळीच जात आहे. जालना शहराच्या पूर्वेला मस्तगड आहे. निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या हुकमाने काबिलखानाने १७२५ मध्ये हा किल्ला बांधला. आकार चौकोनी, कोपऱ्यांवर अर्धगोल बुरूज. आत एक मोठी विहीर आहे आणि तिच्या भोवती सज्जे व दालनं काढलेली आहेत. शहराभोवती एके काळी मातीची भिंत होती, तिच्यातला मूर्ती दरवाजा पुढेही उभा राहिला. उत्तरेला जाफराबादचा किल्ला खेळणा आणि पूर्णेच्या संगमाजवळ आहे. दोन बाजूंनी नदी असली की तेवढा खंदक खोदायचा वाचतो. शिवाय गावोगाव गढ्या आहेत. देशमुखा-पाटलांच्या, पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींच्या. काही अजून धरून आहेत, काही दर पावसाळ्यात थोड्या थोड्या खचतात.

म्हणजे जालन्याच्या मुलाने रायगड करावाच, पण त्याला भुईकोट आणि गढी हाही पर्याय आहे. गंमत अशी की अंगणातल्या मातीत गढीच जास्त खरी होते, कारण मूळची गढीही मातीचीच असते.

इतिहासातही या जिल्ह्याची जागा मोठी आहे. सतराव्या शतकात जालना ही श्रीमंत पेठ होती. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली. परतताना मोगली फौजेने गाठलं, तेव्हा बहिर्जी नाईकांनी आडवाटेने त्यांना अकोले भागातल्या पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलं. महाराजांनी तिथे विसावा घेतला आणि पट्ट्याचा विश्रामगड झाला. जालन्याच्या मुलाने विश्रामगड करायला घेतला, तर त्याच्या किल्ल्याची गोष्ट त्याच्याच गावातून सुरू होते.

मातीच्या तीन पिशव्या

आता कॅरेट भरायला घेऊ. सगळ्यांत आधी माती, आणि ती तीन प्रकारची, तीन वेगळ्या पिशव्यांत.

पहिली काळी. ती शेतातून आणायची. दख्खनच्या काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची, झीज होऊन ही माती झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट या जातीची चिकणमाती भरपूर असते. या मातीचे कण पापुद्र्यांचे असतात आणि पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतात. पाणी गेलं की आकसतात. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. नुसत्या काळ्या मातीचा किल्ला संध्याकाळी गुळगुळीत देखणा दिसतो आणि दोन दिवसांत त्याला तडे जातात. मात्र तिच्यासारखा चिकटा दुसऱ्या मातीला नाही. पोळ्याला मुलं मातीचे बैल करतात ते तिच्या या गुणावरच.

दुसरी पांढरी. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, ही विभागणी मराठवाड्यात कुणालाही सांगावी लागत नाही. पांढरीत चिकटा कमी आणि चुन्याचा अंश जास्त असतो. ती फुगतही कमी आणि आकसतही कमी. धाब्याच्या घरांच्या भिंती आणि माळवदं हिचीच होतात, गढ्याही हिच्याच. तटबंदीला ही माती वापरावी. पण ती आणताना जुन्या गढीची भिंत उकरायची नाही. आपल्या वारशाचा किल्ला करायचा म्हणून आपलाच वारसा खणण्यात अर्थ नाही. पडक्या घराची माती मालकाला विचारून घेतली तर तेवढी पुरते.

तिसरा मुरूम. अर्धवट झिजलेला, खडबडीत दगड. याचे कण एकमेकांत अडकतात, म्हणून पोटातला भराव याचा करावा.

सोबत एक पिशवी भुसकटाची. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघालेलं असतं, त्यामुळे भुसकट कुठेही मिळतं. बारीक काड्या चिखलात सगळीकडे पसरल्या की भेग पडू लागताच तिच्या दोन्ही कडा त्या धरून ठेवतात. थोडं शेण घातलं की लिंपण आणखी चिवट होतं. मराठवाड्यातल्या अंगणात दिवाळीला शेणाच्या गवळणी मांडतात, त्या हाताला या कामाची ओळख असतेच.

प्रमाण किती, हे मुलाला सांगायचं नाही. त्याऐवजी कॅरेटमध्ये एक चिठ्ठी टाकायची: चार वड्या थाप. एक नुसत्या काळीची, एक नुसत्या पांढरीची, एक काळी आणि मुरमाची चाळ समसमान घेऊन, आणि चौथी याच मिश्रणात मूठभर भुसकट घालून. सावलीत दोन दिवस वाळव. कुठली तडकली, कुठलीचा भुगा झाला, कुठली टिकली ते बघ आणि मग किल्ल्याचा चिखल कालव. चिखल आदल्या रात्री भिजवून मुरवावा आणि सकाळी पायाने तुडवावा, म्हणजे पाणी सगळीकडे सारखं मुरतं. हे काम मुलांना किल्ल्याइतकंच आवडतं.

उतार आणि सांगाडा

मुलांचा किल्ला पहिल्यांदा कोसळतो तो उंचीच्या हव्यासापायी. सुटी, कोरडी माती ओतत गेलं तर तिचा ढीग एका ठरावीक उतारावर थांबतो. कोरड्या वाळूसाठी हा कोन साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो. त्याहून उभा उतार करायला गेलं की वरचे कण घसरतात आणि ढीग पुन्हा त्याच कोनावर येतो. याचा हिशोब सोपा आहे. बूड चार फूट रुंद असेल तर असा ढीग दीड फुटाच्या वर जात नाही. किल्ला उंच हवा असेल तर एकतर बूड वाढवावं लागतं, नाहीतर आत सांगाडा घालावा लागतो.

ओल्या मातीला थोडी सवलत मिळते. कणांच्या मधल्या पाण्याची पातळ फीत त्यांना एकमेकांकडे खेचून धरते, म्हणून ओलसर वाळूची भिंत उभी राहते. पाणी जास्त झालं की मधल्या सगळ्या फटी भरतात, ही ओढ संपते आणि माती वाहू लागते. बादली भरून पाणी ओतणाऱ्या भिडूला आवरावं लागतं ते म्हणून.

सांगाड्यासाठी विटांचे तुकडे आणि दगड अंगणातच सापडतील. कॅरेटमध्ये टाकायची ती पऱ्हाट्यांची मोळी, सुतळीचा गुंडा आणि बारदानाचे दोन-तीन तुकडे. दिवाळीत कापसाची वेचणी चालू असते, तेव्हा उभ्या पऱ्हाट्यांना हात लावायचा नाही. सरपणातल्या गेल्या वर्षीच्या वाळक्या काटक्या घ्यायच्या. विटांचा उतरता ढीग, त्यावर आडव्या-उभ्या पऱ्हाट्या बांधून केलेला पिंजरा, त्यावर चिखलात बुडवलेलं बारदान आणि मग लिंपण, असा क्रम. बारदानाच्या विणीत चिखल घुसून बसतो, त्यामुळे कडा उभी केली तरी घसरत नाही. खताचं किंवा औषधाचं पोतं मात्र वापरू नये, धान्याचंच घ्यावं.

हत्यारं थोडीच लागतात: जुनं उलथनं, वाकलेला चमचा, मिळाली तर गवंड्याची लहान थापी. आणि ओळंबा. जालना सळयांच्या कारखान्यांचं गाव, तिथे एखादा जड नट मिळायला अडचण नाही. तो दोऱ्याला बांधला की ओळंबा तयार. तट सरळ आहे का आणि बुरूज बाहेर झुकला का, हे मुलाला त्यामुळे स्वतःच तपासता येतं. कुणा मोठ्याला येऊन सांगावं लागत नाही.

रंगाला गेरू, कोळशाची पूड, हळद आणि पांढऱ्यासाठी खडूचा चुरा. कळीचा चुना देऊ नये. पाणी घातल्यावर तो तापतो आणि हाता-डोळ्यांना इजा करतो.

हिरवळ आणि पाणी

किल्ल्यावर अळीव पेरायची रीत सगळीकडे आहे, पण अळीवच का, हे क्वचितच सांगितलं जातं. अळिवाचं बी भिजलं की त्याच्या सालीतून बुळबुळीत, चिकट थर बाहेर येतो. या थरामुळे ते उभ्या उतारावरही चिकटून राहतं आणि आपल्यापुरतं पाणीही साठवून धरतं. गहू किंवा ज्वारी तिथून गडगडत खाली येईल. बी अर्धा तास भिजवून चिखलासकट थापलं की दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात. वसुबारसेच्या दोन-तीन दिवस आधी पेरलं, तर लक्ष्मीपूजनाला डोंगर हिरवा होतो. मोहरीही चालते, ती सपाटीवर बरी. पायथ्याच्या शेतात गहू टाकावा. घटस्थापनेला मातीत धान्य पेरून त्याची रोपं वाढवलेल्या घरात हे कसब असतंच.

जालन्यात इथे एक सावधगिरी घ्यायला हवी. हे बियाण्यांचं शहर आहे. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली आणि या कामासाठी १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरी पेरणीतून उरलेली बियाण्याची पिशवी सापडते. ती मुलाच्या सामानात कधीही घालू नये. पेरणीच्या बियाण्याला कीडनाशकाचा आणि बुरशीनाशकाचा लेप दिलेला असतो, त्याचा गुलाबी किंवा निळा रंग त्याच इशाऱ्यासाठी असतो. किल्ल्याला लागणारं अळीव, मोहरी आणि गहू स्वयंपाकघरातल्या डब्यांतून घ्यावेत.

पाण्यासाठी पातळ प्लास्टिकचा तुकडा, एक रिकामी बाटली आणि ठिबकच्या नळीला जोडतात ती बारीक नळी हातभर. किल्ल्यातल्या कारंजासाठी मुलं सलाईनची वापरलेली नळी आणतात, त्यापेक्षा ही स्वच्छ आणि शेतातलीच. बाटली उंचावर टांगायची, नळी मातीखालून आणायची आणि टोक तळ्यात वर काढायचं. कारंजं किती उंच उडेल? बाटलीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर तर नाहीच, आणि नळीत घर्षण होत असल्यामुळे त्याहूनही कमी. बाटली एक वीत वर टांगून बघितली की मुलाला हा नियम पाठ करावा लागत नाही.

हल्ल्याचं सामान

इथवरचं सामान बांधण्याचं. पण किल्ला ज्याच्यासाठी बांधतात तो शत्रू अजून आलेलाच नाही. म्हणून कॅरेटमध्ये एक वेगळी डबी ठेवावी आणि तिच्यावर ‘हल्ला’ असं लिहावं. डबीत तीनच गोष्टी: एक लहान वाटी, एक गोटी आणि दोऱ्याचं रीळ.

वाटी म्हणजे पाऊस. तळाला खिळ्याने भोकं पाडलेल्या जुन्या डब्यात वाटी-वाटी पाणी ओतून किल्ल्यावर धार धरायची. पाणी कुठे साचतं, कुठून वाट काढतं, कुठल्या तटाच्या बुडाला खातं ते बघायचं. मातीची गढी शत्रूपेक्षा पाण्यानेच जास्त पडते, आणि तीही बहुधा डोक्यावरून आणि पायातून. वर पाणी मुरणार नाही असं माळवद आणि खाली पाणी निघून जायला मोरी असेल तर मातीची भिंत पिढ्यान्‌पिढ्या राहते.

गोटी म्हणजे तोफगोळा. एकाच चिखलाचा एक चौकोनी आणि एक गोल बुरूज करून वाळवायचा आणि दोन्हींवर उतरत्या पन्हळीवरून गोटी सोडायची. चौकोनाच्या कोपऱ्याचा ढलपा उडतो. गोल बुरजाला उघडा कोपराच नसल्यामुळे गोटी बऱ्याचदा निसटून जाते. तोफा आल्यावर बुरूज गोल का होत गेले, हे इथे कळतं. नंतर सुकलेल्या कडक भिंतीवर आणि आतून ओलसर असलेल्या जाड भिंतीवर गोटी मारायची. कडक भिंत फुटते, मऊ भिंतीत गोटी रुतून बसते. भरतपूरच्या मातीच्या तटावर इंग्रज सेनापती लॉर्ड लेकने १८०५ च्या सुरुवातीला चार हल्ले चढवले आणि चारही फसले. जाड माती दगडासारखी तडकत नाही, मार पोटात घेते.

दोरा म्हणजे नजर. बाण म्हणा, गोळी म्हणा, जाते सरळ रेषेतच. दोऱ्याचं एक टोक बुरजावरच्या मावळ्यापाशी धरायचं आणि दुसरं तटाच्या बुडाशी. मध्ये कुठे दोरा अडला नाही तर तेवढी जागा मावळ्याला दिसते. अडला तर ती आंधळी जागा, शत्रू तिथे येऊन निवांत सुरुंग लावेल. बुरूज तटाच्या पुढे का काढतात ते मुलाला इथे उमगतं. मस्तगडासारख्या चौकोनी किल्ल्यात कोपऱ्यावरच्या बुरजातून दोन्ही बाजूंच्या तटांचं बूड नजरेत राहतं. मग दोरा बाहेरच्या वाटेवरून दरवाज्यापर्यंत ताणायचा. तो सरळ पोचला तर दरवाजा उघडा पडला. वाट वळवून, दरवाजा दोन बुरजांच्या मागे लपवला की दोरा अडतो. रायगडाचा महादरवाजा तसाच लपलेला आहे.

या डबीत प्रश्नांच्या काही चिठ्ठ्या टाकाव्यात. ते प्रश्न आपल्याला शोधायला नकोत, रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘आज्ञापत्रा’त गडांवर एक सबंध प्रकरण लिहून ठेवलं आहे. त्याचा आशय आपल्या शब्दांत उतरवला तरी पुरे. गडाच्या जागेवर आधी पाणी आहे का? एकाच झऱ्यावर विसंबलास का, की साठवणीचं टाकंही केलंस? एकच दरवाजा असेल तर तो पडल्यावर काय? चोरदिंडी कुठे आहे? आणि सगळ्यांत मजेचा प्रश्न: गडाच्या शेजारी, तोफेच्या टप्प्यात, गडापेक्षा उंच जागा आहे का? अंगणातल्या किल्ल्याच्या शेजारी ओटा असतोच. मूल ओट्यावर उभं राहून खाली बघेल आणि त्याच्या लक्षात येईल की आपला किल्ला चुकीच्या जागी आहे. अमात्यांचा सल्ला असा, की तसली उंच जागा सुरुंगाने उडवावी, नाहीतर तटबंदीच्या आत घ्यावी. ओट्याचं काय करायचं ते घरातल्यांनी आणि किल्लेदाराने मिळून ठरवावं.

एक चिठ्ठी या जिल्ह्याची. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांची फौज नदीआड होती. नदीला उतार नाही, असं इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितलं. त्याला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली आणि त्याने ताडलं की एवढी जवळची गावं असतील तर ये-जा असणार, आणि ये-जा असेल तर उतारही असणार. तो तिथूनच पार झाला. पण पुढे मातीची भिंत असलेल्या असई गावातल्या तोफांसमोर त्याच्या एका तुकडीची दाणादाण उडाली. चिठ्ठीवर लिहायचं: तुझ्या खंदकाला शत्रू कुठून उतार शोधेल?

मावळा केवढा, किल्ला केवढा

बाजारातला मावळा साधारण पाच सेंटिमीटरचा असतो. माणूस १७० सेंटिमीटरचा धरला तर मावळा झाला त्याचा चौतिसावा भाग. आता शेजारच्या जिल्ह्यातला देवगिरी याच मापाने करायचा ठरवला तर? त्याचा डोंगर सुमारे २०० मीटर उंच आहे, म्हणजे अंगणातला देवगिरी जवळपास सहा मीटर उंच हवा, दुमजली घराएवढा. त्याच्या पायथ्याचा कडा सुमारे ५० मीटर सरळ तासलेला आहे. तो या मापात दीड मीटर, म्हणजे किल्ला करणाऱ्या मुलाच्याच उंचीचा होईल. हा हिशोब मुलाने स्वतः केला की कड्याखाली उभ्या राहिलेल्या सैनिकाला काय वाटलं असेल, ते त्याला वेगळं समजवावं लागत नाही.

म्हणून कॅरेटमध्ये एक मोजपट्टी ठेवावी, आणि तयार मावळे मोजकेच. बाकीचे मातीचे करू द्यावेत, हव्या त्या मापाचे. पोळ्याचे बैल जपून ठेवले असतील तर तेही कामाला येतात. गडावर धान्य, मीठ, चारा खालून कुणीतरी वाहून आणत होतं, हे तयार संचात कुठे दिसतच नाही.

अंगण नसेल तर

फ्लॅटमधल्या किंवा पावसात अडकलेल्या मुलासाठी याच भेटीचा दुसरा अवतार करता येतो. त्याला लागतं एक जुनी नऊवारी, दोन चादरी, एखादी हलकी वाकळ, डझनभर कपड्यांचे चिमटे, सुतळी, दोन काठ्या आणि एक बॅटरी. बाज किंवा दोन खुर्च्या घरात असतातच. नऊवारीची लांबी आठ मीटरच्या आसपास असते, एका साडीत दोन दालनांचा किल्ला होतो.

इथला मुख्य धडा दोरीचा. आडव्या दोरीवर वाकळ टाकली की ती मध्ये झोळ खाते. झोळ घालवायला मूल दोरी आणखी ताणतं आणि खुर्ची आडवी होते. दोरी जितकी सपाट ताणावी तितका टोकांवरचा ओढा वाढत जातो, ती पूर्ण सरळ कधीच होत नाही. उपाय दोन: टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, किंवा मध्ये काठीचा टेकू द्यायचा. मांडवाला मध्ये खांब असतो तो याचसाठी. सोबत निरगाठ आणि सुरगाठ शिकवावी. सुरगाठ एका ओढीत सुटते, म्हणून आवरायच्या वेळी तीच बरी. लहान मुलं असतील तर दोरी गळ्याच्या उंचीवर ताणायची नाही आणि मोकळी टोकं लोंबू द्यायची नाहीत, एवढं मोठ्यांनी बघावं.

देणाऱ्याचं काम

मुलाला वस्तू न देता वस्तू करण्याचं सामान द्यावं, हा विचार जुना आहे. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेलने एकोणिसाव्या शतकात लाकडी ठोकळ्यांचे संच तयार केले, ते पुढे जगभरच्या बालवाड्यांत गेले. आपल्याकडे बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी परिसरातल्याच वस्तूंतून शिकण्याची साधनं केली. इंग्लंडच्या सायमन निकल्सनने १९७१ मध्ये असं मांडलं, की एखाद्या जागेत हलवता-जोडता येतील अशा सुट्या गोष्टी जितक्या जास्त, तितकी तिथे नवं काही सुचण्याची शक्यता जास्त. माती, पाणी, काटक्या आणि दोरा यांच्याहून सुटं आणखी काय असणार?

हे कॅरेट द्यायची वेळ दसऱ्याची. दिवाळीच्या पहिल्या दिवशी दिलं तर वड्या वाळायला आणि अळीव उगवायला वेळ उरत नाही. मामाने दिलं तर उत्तमच, म्हणजे आईबाबांना चिखलाबद्दल तक्रार करायला एक हक्काचा माणूस मिळतो. आणि कॅरेटमध्ये सगळ्यांत वर एक कोरी वही ठेवावी. किल्ल्याचा नकाशा, वड्यांचा निकाल, हल्ल्यात काय पडलं आणि ते परत कसं बांधलं, हे किल्लेदाराने तिच्यात लिहावं. तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडायचा तेव्हा विटा बाजूला होतात, माती चाळून परत पिशव्यांत जाते, काटक्या चुलीत. वही तेवढी राहते, आणि पुढच्या वर्षीचा किल्ला तिच्या शेवटच्या पानापासून सुरू होतो.

देणाऱ्याने एवढं झाल्यावर बाजूला व्हावं. भाऊबीजेला किल्ला बघायला गेल्यावर ‘छान झालाय’ म्हणून फोटो काढून निघून जाऊ नये. खाली बसावं आणि विचारावं, ‘किल्लेदार, पाणी कुठून आणलंत?’ उत्तर ऐकायला बराच वेळ लागेल, तेवढा हाताशी ठेवून जावं.